सकाळच्या फुग्यांतली भोकं

कारखान्यात शिरल्यावर तासाभरात त्याचा रोग ओळखतो, असं मी त्या काळात लोकांना सांगत असे. ते अगदीच खोटं नव्हतं. तलासरीच्या एका प्लास्टिक कारखान्यात मी सतरा वर्षं गुणवत्ता विभागात काढली होती. माल कुठे साठतो, माणूस कुठे रेंगाळतो, साहेब आला की कुठल्या टेबलावरचं बोलणं बंद पडतं, एवढं बघितलं की मला पुष्कळ कळायचं. २०१५ मध्ये ती नोकरी सोडली आणि लहान कारखान्यांच्या कामाची पाहणी करून अहवाल लिहून द्यायचा स्वतःचा धंदा सुरू केला. पहिलं काम मिळालं डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्याचं. त्या कामात मी एका माणसाचं नाव खराब केलं. त्यासाठी मला खोटे आकडे लिहावे लागले नाहीत. माझी मोजणी शेवटपर्यंत बरोबर होती.

जत्रेत, वाढदिवसाला आपण जे फुगे फुगवतो, ते डहाणूत बनतात हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. काम तसं सोपं. रबराचा पांढरा चीक पिंपांतून येतो, कामगार त्याला दूधच म्हणतात. त्यात गंधक, रंग आणि दोन-चार पावडरी घालून ते ढवळायचं. फळीवर बसवलेले साचे त्यात बुडवून काढायचे, तोंडाची कड गुंडाळायची, भट्टीत सुकवायचे आणि पावडर लावून साच्यावरून फुगे ओढून काढायचे. शेवटी तपासणीच्या टेबलावर बायका ते ताणून, फुगवून बघतात आणि पिशव्या भरतात. या सगळ्यात नाजूक काम ढवळण्याचं. दुधात हवा राहिली तर फुग्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. ते डोळ्यांना दिसत नाही, फुगा मात्र हवा जाऊन संध्याकाळपर्यंत चिंबतो.

दूध ढवळायचं काम एका पन्नाशीच्या माणसाकडे होतं. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरून तो सायकलने यायचा. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणू लागलो. अंगाने काटक, बोलायला कमी. त्याच्या शेडमध्ये सात-आठ ड्रम ओळीने उभे असत, तोंडाला ओलं फडकं बांधून. आज ढवळलेलं दूध तो उद्या वापरायला द्यायचा.

कारखान्याच्या शेठला बुडवणीची दुसरी टाकी बसवायची होती आणि जागा नव्हती. मी पहिल्याच आठवड्यात ते ड्रम मोजले.

"मामा, हे सगळे नुसते उभे का?"

"दूध बसतंय, साहेब."

"बसायला किती वेळ लागतो?"

"बसेपर्यंत."

मी हसलो. "बसेपर्यंत हे काय माप झालं का, मामा? तास सांगा."

"थंडीत जास्त, गरमीत कमी. वर फेस दिसतो तोवर हात लावायचा नाय." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाला, "तुमच्या कागदात तास लागत असतील तर तुम्हीच लिहा."

मी लिहिले. आमच्या धंद्यात थांबलेला माल हे पहिलं पाप. कामातून थांबणं काढून टाकलं की जागा सुटते, माल लवकर निघतो, मालक खूश होतो. रसायन पुरवणाऱ्या कंपनीच्या पत्रकात 'किमान दोन तास' असं छापलं होतं. मी त्याचा आधार घेतला. पाच ड्रम हलवले, तिथे दुसरी टाकी बसली. आता मामाने सकाळी सातला दूध ढवळायचं आणि नऊला ते बुडवणीला द्यायचं, दहाला दुसरं ढवळायचं आणि ते दुपारी दोननंतर वापरायचं, असं वेळापत्रक मी भिंतीवर लावलं. मामाने ते वाचलं. "दूध कच्चं जाईल," एवढंच म्हणाला. मी त्याला पत्रक दाखवलं. छापील कागदापुढे तो गप्प बसला आणि मला वाटलं की त्याला पटलं.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. फुगे इथून निघून दिल्लीच्या बाजारात पोचतात, तिथून दुकानात, मग कुणाच्या तरी घरी. तक्रार परत येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. त्यामुळे माझं वेळापत्रक आणि तक्रारी यांचा संबंध मी जोडला नाही. तो जोडण्याइतका शहाणा मी होतो, पण आपण केलेला बदल कारणांच्या यादीत घालायचा हे मला सुचलंच नाही. शेठने पुन्हा बोलावलं तेव्हा मी उलट आनंदाने गेलो. मालकाने दुसऱ्यांदा बोलावणं हा मान असतो.

या वेळी मी पक्कं काम केलं. पिशवीवर तारीख होतीच, त्यात वेळ टाकायला लावली. तपासणीच्या टेबलावर प्रत्येक तासाला फुगे फुगवून दोरीला टांगले आणि संध्याकाळी चिंबलेले मोजले. पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दुपारचे फुगे ठीक होते. भोकं होती ती सकाळच्या पहिल्या ड्रममधल्या फुग्यांत, जवळजवळ रोज. सकाळी असं काय होतं जे दुपारी होत नाही, एवढंच आता शोधायचं होतं.

मी सकाळी सातला जाऊन मामाच्या शेडमध्ये उभा राहिलो. रबराच्या दुधाला अमोनियाचा उग्र दर्प असतो, डोळ्यांत पाणी येतं. त्या दर्पातूनही मला मामाच्या सदऱ्याचा आंबूस वास आला. ताडीचा. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. दुपारी तो वास नसायचा. माझं कोडं सुटलं.

इथे माझ्या घराविषयी सांगायला हवं. आमची किनाऱ्याजवळ वाडी आहे, आजोबांपासूनची. कामाला गडी पाड्यांवरून यायचे. एखादा उशिरा आला, एखाद्याने फांदी चुकीची कापली, तर वडील कारण विचारत नसत. "टाकून आला असेल," म्हणजे पिऊन, असं म्हणत आणि विषय संपवत. वडील वाईट नव्हते, गड्यांच्या आजारपणात स्वतः गाडी घेऊन जात. पण ते एक वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला मत वाटतच नव्हतं. दोन अधिक दोन चार, तसं ते होतं. सतरा वर्षं मी इतरांना शिकवत आलो की पुरावा नसेल तर कारण लिहू नका. आणि त्या सकाळी एक वास आला तेव्हा मी एकही प्रश्न विचारला नाही.

अहवालात मी लिहिलं: 'सकाळच्या पाळीत दूध ढवळणारा कामगार ताडी पिऊन कामावर येतो. त्यामुळे ढवळणी घाईने होते व दुधात हवा राहते.' व्याकरण शुद्ध, अक्षर टंकलेलं, सोबत तासातासाचा तक्ता. तक्ता खरा असल्यामुळे शेजारचं वाक्यही खरं दिसत होतं.

शेठचा स्वभाव असा की जे सांगायचं ते सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी त्याने सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि ते पान वाचून दाखवलं. मी बाजूच्या खुर्चीत चहा पीत बसलो होतो. मामा समोर उभा होता. वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून आपल्या हातात पडल्यावर माणूस जसा बघतो, तसं. मग शेडमध्ये जाऊन त्याने आपला डबा घेतला, सायकल काढली आणि गेला. शेठ त्याच्या गुजराती वळणाने म्हणाला, "जाऊ दे ने, भाई. खरं लागलं ते झोंबलं."

त्याच्या जागी दुसरा माणूस आला. सकाळची भोकं कमी झाली नाहीत. नवा आहे, हात बसायला वेळ लागेल, असं मी शेठला सांगितलं आणि स्वतःलाही.

चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा लागली. जत्रेला कारखाना दोन दिवस बंद ठेवावाच लागतो, नाही ठेवला तरी कुणी येत नाही. बंद व्हायच्या संध्याकाळी एक ड्रम ढवळून तयार होता, तो तसाच फडकं बांधून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच दूध बुडवणीला गेलं. मी दोरीवर फुगे टांगले. संध्याकाळी त्यातला एकही चिंबला नव्हता.

मी ते पुन्हा मोजले. माणूस तोच, नवा. वेळ तीच, सकाळची. बदललं होतं ते एकच: दूध दोन दिवस थांबलं होतं. माझ्या वेळापत्रकात सकाळच्या दुधाला दोनच तास मिळत होते, दुपारच्या दुधाला चार.

तपासणीच्या टेबलाची प्रमुख एक आशागडची बाई होती. मोठ्या आवाजाची, कुणाची भीड न ठेवणारी. तिला आम्ही मावशी म्हणत असू. मी दोरीखाली उभा राहून बघतोय हे बघून ती म्हणाली, "काय साहेब, आज फुगे प्यायले नाहीत वाटतं."

बाकीच्या बायका हसल्या. मी विचारलं, "मावशी, मामा सकाळी पिऊन यायचा ना?"

"कोण? तो?" तिने हातातला फुगा खाली ठेवला. "अहो, तो पाड्यावरचा एकटा माणूस असेल न पिणारा. लोक त्याची मस्करी करतात. पहाटे ताडावर चढून मडकी उतरवतो, ती विकून मग इकडे येतो. सांडते अंगावर. ताडीचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येईल?"

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमचा कागद तर वाचून झाला होता."

आता जे लिहितो ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. मावशीचं ऐकल्यावर मी त्याच दिवशी शेठकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. मी भिंतीवरचं वेळापत्रक बदललं. दूध पूर्ण एक दिवस ठेवायचं, वरचा फेस बसल्याशिवाय द्यायचं नाही. दुसरी टाकी थोडी सरकवून ड्रमना जागा केली. पंधरा दिवसांत सकाळची भोकं गेली. शेठने माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स ठेवला आणि मी तो घरी नेला. बायकोने विचारलं कशाचे, तर मी म्हटलं, कामात यश आलं. मामाचीच रीत मी माझ्या नावावर परत आणली होती आणि त्याचे पेढे खाल्ले होते. असा जवळजवळ महिना गेला.

मावशीनेच ती कोंडी फोडली. एके दिवशी पिशव्या मोजता मोजता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मामाला कुठेच कामाला घेत नाहीत. तीन ठिकाणी गेला. तुमचा कागद त्याच्या आधी पोचतो."

ते खरं होतं आणि ते मला कळायला हवं होतं. शेठने माझा अहवाल ओळखीच्या तीन कारखानदारांना कौतुकाने दाखवला होता. त्यातूनच मला पुढची कामं मिळाली होती. ज्या कागदाने मला दारं उघडली, त्यानेच त्याला बंद केली होती.

मी शेठसमोर बसलो आणि क्रमाने सगळं सांगितलं. वेळापत्रक माझं, भोकं त्यामुळे, ताडीचं वाक्य पुराव्याशिवाय लिहिलेलं. शेठने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे तुमचं. पण आता फुगे चांगले निघतात ने? मग बोलायची जरूर काय? तुमचं नाव खराब, माझं पण खराब. मी वाचलं सगळ्यांसमोर."

"म्हणूनच तर."

"मामाला परत बोलवा, काम द्या, गुपचूप. मी नाही बोलत काही."

तो वाईट सल्ला नव्हता. महिनाभर मी स्वतःला तोच देत होतो.

मामाच्या पाड्यावर मी स्कूटरने गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही, ताडाच्या झाडांखालीच होतं. मामा नुकताच खाली उतरला होता, कमरेला दोर, हातात मडकं. मला बघून त्याने मडकं टेकवलं, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. त्याची बायको दारात उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. सांगताना 'चुकून' हा शब्द एकदाच वापरला आणि तोही नंतर मागे घेतला. ऐकता ऐकता मामाने कमरेचा दोर सोडला.

"पीत असतो तर चाललं असतं," तो शेवटी म्हणाला. "पितो म्हणून लिहिलं, खरं लिहिलं, असं म्हणलो असतो. मी पोरीच्या लग्नात पण नाय प्यालो. तेव्हा सगळे रुसले माझ्यावर. आता तेच विचारतात, लपून पितोस काय? आम्हाला देत नाय आणि एकटाच पितोस?" त्याने बायकोकडे मान वळवली. "ही पण वास घेते."

"घेणार ना," बायको म्हणाली. "कागदात छापलंय म्हणतात."

"शेठ परत कामावर बोलावतो आहे," मी म्हटलं.

"काम बघू मागनं. कागद कुठं कुठं गेला?"

"तीन कारखाने."

"तिथं तुम्ही चला. मी पण येतो. माझ्यासमोर सांगा."

दुसऱ्या दिवशी आधी शेठच्याच अंगणात, पाळी सुरू होण्यापूर्वी, मी उभा राहून सांगितलं. ते वाक्य खोटं होतं, ते मी लिहिलं होतं, आणि भोकं माझ्या वेळापत्रकामुळे पडली होती. मावशीने फक्त विचारलं, "हे पण टाइप करून आणलंय का?" मी आणलं होतं. प्रत तिथे चिकटवली. शेठ आत बसून राहिला, पण त्याने मला थांबवलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मग मामाला मागे बसवून मी तिन्ही ठिकाणी गेलो. पहिल्या कारखान्यात मालकाने ऐकून घेतलं आणि मान डोलावली. मला दिलेलं पुढचं काम त्याने नंतर फोन करून काढून घेतलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. दुसऱ्या ठिकाणी मालक हसला. "एवढ्यासाठी आलात? आम्ही विसरलो पण होतो." मामा म्हणाला, "मी आलो तेव्हा नव्हता विसरला." मालकाचं हसू थांबलं. तो उठला आणि त्याने मामासाठी चहा मागवला.

तिसरा कारखाना झाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. तिथला मालक स्वतः साच्यांवर हात काळे करणारा, तिशीतला, सरळ माणूस. त्याने माझं अर्धंच ऐकलं आणि मामाकडे वळला.

"आमच्याकडेही सकाळी भोकं येतात. शेठकडून आणलेलं यांचंच वेळापत्रक लावलंय भिंतीवर."

मला हे ठाऊक नव्हतं.

"ते काढा," मामा म्हणाला. "दूध कुठाय?"

दोघं शेडमध्ये गेले. मी मागे गेलो. मामाने एका ड्रमवरचं फडकं उचललं, वाकून तिरप्या उजेडात वरचा थर बघितला, काठी बुडवून धार सोडली. मग म्हणाला, "हे उद्या दुपारी." दुसऱ्या ड्रमकडे बघून, "हे आत्ता चालेल." मालकाने तेवढ्यावरच त्याला विचारलं, येणार का. मामाने तिथल्या तिथे अटी सांगितल्या. ताडावरून उतरल्यावर येणार, म्हणजे साडेसात. दूध कधी द्यायचं ते तो ठरवणार, त्यात कुणी तास घालायचा नाही. मालकाला मान्य होतं. शेठला काय सांगू, असं मी मामाला विचारलं. "येत नाय म्हणून सांगा," तो म्हणाला.

"हे सगळं लिहून द्या," मामा मालकाला म्हणाला. मालक कोरा कागद घेऊन आला आणि पेन शोधू लागला. मामाने माझ्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं. "यांना लिहू दे. अक्षर चांगलंय."

मी टेबलाशी बसून लिहिलं. कामाची वेळ, ढवळण्याची जबाबदारी, दूध केव्हा द्यायचं याचा निर्णय कुणाचा. प्रत्येक ओळ लिहिण्याआधी मी मामाला विचारत होतो आणि तो हो म्हणाला की पुढे जात होतो. शेवटी माझ्याच मनाने मी एक ओळ घातली: 'सदर कामगार निर्व्यसनी असून मद्यपान करत नाही.' ते लिहिताना मला बरं वाटत होतं. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"शेवटचं काढा," मामा म्हणाला.

"का? खरं आहे ना ते?"

"आज खरं हाय. उद्या प्यालो घरी बसून, तर कागद खोटा पडेल. आणि मी पितो की नाय ते दुधाच्या कागदात कशाला पाहिजे?"

मालक माझ्याकडे बघत होता. मी ती ओळ खोडली. ती अजून वाचता येत होती, म्हणून दुसरा कागद घेतला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, तिच्याशिवाय. मामा उभा राहून बघत होता. लिहून झाल्यावर त्याने कागद हातात घेतला, सावकाश वाचला आणि मालकाकडे सहीला दिला.